घरच्या घरी भिंतीवरचं मोठं चित्र: कापड ताणण्यापासून टांगण्यापर्यंत

मोठ्या मोकळ्या भिंतीवर लहान चित्र हरवून जातं, आणि मोठं विकत घ्यायला गेलं की आकाराबरोबर किंमतही चढते. घरी करताना मात्र दीडपट मोठ्या चित्राला थोडी जास्त पट्टी, हातभर जास्त कापड आणि अर्धी वाटी जास्त रंग, एवढंच लागतं. म्हणून घरी करायचंच तर मोठं करा. खरी बचत तिथेच आहे.

चित्रकला येत नाही म्हणून बरेच जण मागे हटतात. पण घरी केलेली चित्रं रेषा चुकल्यामुळे क्वचितच बिघडतात. कापड सैल पडतं, चौकट पिळते, टेपखालून रंग झिरपतो, नाहीतर सगळं छान जमून शेवटी चित्र हातभर उंच टांगलं जातं. या सगळ्याला उपाय आहे आणि त्यातला बराचसा रंगाला हात लावण्याआधीचा आहे. खाली ६० × ४५ सेंमीचा एक कॅनव्हास पट्ट्या कापण्यापासून भिंतीवर चढवण्यापर्यंत दिला आहे. पहिल्यांदा याच मापाचा करा. प्रत्यक्ष काम आठ-दहा तासांचं आहे, पण वाळण्यासाठी मध्ये थांबावं लागतं. रंगकाम संपायला चार-पाच दिवस धरा, व्हार्निश लावणार असाल तर आठवडा.

## सामान

चौकटीसाठी:
- ४.५ × २ सेंमी जाडीची लाकडी पट्टी, सव्वादोन मीटर
- ६ ते ८ मिमीची पाव-गोल बीडिंग, सव्वादोन मीटर
- ४ मिमी प्लायवूडचे चार काटकोन त्रिकोण, काटकोनाच्या बाजू १० सेंमी
- १२ मिमीचे स्क्रू (प्रत्येक त्रिकोणाला चार, म्हणजे १६) आणि लाकडाचा पांढरा गोंद
- स्टेपल गन आणि ८ मिमीच्या पिना

कापड आणि अस्तरासाठी (अस्तर म्हणजे रंगाआधी कापडावर द्यायचा पांढरा थर):
- जाड मांजरपाट, ७५ × ६० सेंमी
- पांढरा पाण्याचा अॅक्रिलिक इमल्शन रंग, भिंतीला लावतात तोच, २०० मिली
- बारीक चॉक पावडर, अर्धी वाटी
- २२० नंबरचा पॉलिश पेपर

रंगवण्यासाठी:
- चार रंग (फिका, वर्तुळाचा, मधली छटा आणि गडद), प्रत्येकी ५०-६० मिली
- ५ सेंमी आणि २.५ सेंमी रुंदीचे चपटे सिंथेटिक ब्रश
- २४ मिमी रुंदीची चांगली मास्किंग टेप
- पाण्यात मिसळणारं मॅट व्हार्निश, १०० मिली

टांगण्यासाठी दोन डी-रिंगा (तार अडकवायच्या D आकाराच्या कड्या), मीटरभर बारीक पिळाची तार, एक स्क्रू, त्याची प्लॅस्टिकची गिट्टी आणि फेल्टच्या चार टिकल्या.

लाकूड, कापड आणि रंग उरलेले, जुने, कुणाकडून मागून आणलेले असले तरी चालतात. ब्रश आणि टेप मात्र चांगलेच घ्या. स्वस्त ब्रशाचे केस गळतात आणि ओल्या रंगात रुततात. ते काढायला गेलं की त्या जागी ओरखडा उमटतो. स्वस्त टेप एक तर नीट बसत नाही किंवा उठताना खालचा रंग घेऊन येते.

## १. आधी भिंत, मग आकार

जुनी वर्तमानपत्रं जोडून चित्राच्या मापाचा कागद कापा आणि टेपने भिंतीवर लावून एक दिवस तसाच ठेवा. येता-जाता दिसेल की तो लहान वाटतोय की जागा भरतेय. सोफ्याच्या किंवा पलंगाच्या वर चित्र लावायचं असेल तर त्याची रुंदी खालच्या सामानाच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश असावी. १८० सेंमीच्या सोफ्यावर ६० सेंमीचं एकटं चित्र केविलवाणं दिसतं. तिथे १२० सेंमीचं एक करा, किंवा ६० × ४५ ची दोन शेजारी-शेजारी, मध्ये ५ ते ७ सेंमी अंतर ठेवून.

दोन जागा टाळा. एक म्हणजे दिवसातले काही तास थेट ऊन येणारी भिंत. तिथे रंग विटतात, आणि लाल-गुलाबी छटा बहुतेकदा आधी जातात. दुसरी म्हणजे ओल धरणारी भिंत. कापडाच्या मागे हवा खेळत नाही आणि पावसाळी हवेत तिथे बुरशी धरते. मागून आलेले काळे ठिपके पुढे उतरले की चित्र वाचवता येत नाही.

## २. चौकट

पट्टी घेताना एक टोक डोळ्यासमोर धरून तिच्या लांबीवरून नजर टाका. वाकलेली किंवा पिळलेली पट्टी तेव्हाच कळते. चौकटीचा पीळ बहुतेक वेळा इथूनच येतो, आणि पुढे कितीही स्क्रू मारले तरी तो जात नाही.

पट्टीची रुंद बाजू सपाट ठेवून ६० सेंमीचे दोन आणि ३६ सेंमीचे दोन तुकडे कापा. छोटे तुकडे लांब तुकड्यांच्या मध्ये बसतात, म्हणून ४५ मधून दोन्हीकडची ४.५ सेंमी वजा केली आहे. कापायला करवत नसेल तर वखारीतून मापानेच कापून घ्या. तिथल्या यंत्राचा काटकोन हाताच्या कापापेक्षा भरवशाचा असतो.

सपाट जमिनीवर चारही तुकडे मांडा, सांध्यांना गोंद लावा आणि प्रत्येक कोपऱ्यावर प्लायचा त्रिकोण गोंद-स्क्रूने बसवा. त्रिकोण बाहेरच्या कडेपासून १ सेंमी आत ठेवा. शेवटचे स्क्रू आवळण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. ६० × ४५ च्या चौकटीत कर्ण ७५ सेंमी यायला हवा, दोन्ही बाजूंनी. एक ७५.४ आणि दुसरा ७४.६ आला तर लांब कर्णाची टोकं हाताने आत दाबा, पुन्हा मोजा, मग आवळा. गोंद वाळायला रात्रभर द्या.

आता एक काम, जे नवीन माणूस हमखास सोडून देतो. चौकटीच्या पुढच्या बाजूला, अगदी बाहेरच्या कडेवर, बीडिंग गोंदाने चिकटवा. तिची गोलाई आतल्या बाजूला आणि सपाट बाजू चौकटीच्या कडेला सरळ आली पाहिजे. बीडिंगची बाहेरची धार पॉलिश पेपरने जरा मारून घ्या, नाहीतर ती कापडाला कापते. बीडिंगमुळे ताणलेलं कापड पट्टीपासून ६-८ मिमी वर राहतं. ती नसेल तर कापड पट्टीच्या आतल्या धारेला टेकतं, ब्रशच्या दाबाने तिथे रेघ उमटते आणि चित्रात चारही बाजूंनी आत चौकोन दिसू लागतो. ती रेघ नंतर कशानेही झाकत नाही. रंधा हाताशी असेल तर बीडिंगऐवजी पट्टीच्या पुढच्या बाजूला आतल्या दिशेने उतार दिला तरी तेच काम होतं.

चौकटीची कुठलीही बाजू ८० सेंमीच्या वर गेली तर मधोमध एक आडवी पट्टी द्या. नाहीतर कापडाच्या ताणाने लांब बाजू आत ओढल्या जातात.

## ३. कापड ताणणं

मांजरपाट नवीन असेल तर धुऊ नका. फक्त इस्त्री करा. न धुतलेलं सुती कापड अस्तराच्या पाण्याने आटतं आणि आपोआप घट्ट होतं, हा फायदा धुऊन घालवू नका. जुनी सुती चादर वापरत असाल तर ती आधीच आटलेली असते, तेव्हा तिला सुरुवातीपासून जास्त ओढावं लागतं. कापड सुती आहे का हे पाहायला पाण्याचा थेंब टाका. तो पटकन शोषला गेला तर चालेल. थेंब मोत्यासारखा वर उभा राहिला तर कापडात पॉलिएस्टर जास्त आहे किंवा त्यावर काहीतरी प्रक्रिया केलेली आहे. त्यावर अस्तर नीट धरत नाही.

कापड उपडं पसरा आणि त्यावर चौकट पालथी ठेवा, बीडिंग कापडाच्या बाजूला. चारही बाजूंना ७.५ सेंमी कापड उरतं. उभे-आडवे धागे चौकटीच्या कडांना समांतर आहेत ना ते नीट बघा. धागे तिरके गेले तर ताण दिल्यावर कापडावर तिरप्या लाटा येतात.

पिना मारण्याचा क्रम महत्त्वाचा आहे:
- एका लांब बाजूच्या मधोमध पहिली पिन.
- समोरच्या लांब बाजूच्या मधोमध, कापड ओढून दुसरी.
- मग दोन्ही आखूड बाजूंच्या मधोमध एकेक. या वेळी कापडावर चौकटीच्या मध्यांना जोडणारा ताणाचा पतंगासारखा आकार दिसेल. तो दिसला म्हणजे सुरुवात बरोबर झाली.
- आता मधल्या पिनेच्या दोन्ही बाजूंना ५-५ सेंमीवर पुढच्या पिना. प्रत्येक वेळी समोरासमोर, आळीपाळीने.
- कोपऱ्यांपासून ५ सेंमी अलीकडे थांबा.

एक बाजू पूर्ण मारून मग दुसरीकडे जाण्याचा मोह होतो. तसं केलं की सगळा सैलपणा एका कोपऱ्यात गोळा होतो आणि तिथे पिशवीसारखा फुगा राहतो.

ओढताना बोटांनी कापडाची कड मुठीत धरून अंगठ्याने चौकट दाबा. कापड सपाट, कुठेही सुरकुती नसलेलं, पण बोटाने दाबलं तर थोडं आत जाणारं एवढा ताण नवीन मांजरपाटाला पुरतो. आताच ढोलासारखं कडक केलंत तर अस्तर वाळताना कापड आणखी आटेल आणि हलकी चौकट पिळेल. जुन्या चादरीला मात्र टिचकी मारल्यावर मंद ठण् आवाज यायला हवा.

कोपऱ्यावर आधी टोकाचं कापड तिरकं आत ओढून एक पिन मारा, मग उरलेल्या दोन घड्या त्यावर आणून सपाट बसवा. जाड वळी झाली तर आतलं जादा कापड कात्रीने कापा, पण पुढच्या कडेच्या जवळ कात्री नेऊ नका. कोपऱ्यात पिना प्लायच्या त्रिकोणात शिरतील, त्याने काही बिघडत नाही.

झाल्यावर चौकट टेबलावर ठेवून चारही कोपरे दाबून बघा. एक कोपरा उचलला जात असेल तर त्या कोपऱ्याकडच्या पिना काढून ताण कमी करा. हे आत्ता दहा मिनिटांचं काम आहे, रंगवल्यावर ते जवळजवळ अशक्य होतं.

## ४. अस्तर

कोऱ्या कापडावर थेट रंग लावला तर तो स्पंजासारखा शोषला जातो. रंग दुप्पट लागतो, कडा पसरतात आणि वाळल्यावर सगळं फिकट, मळकट दिसतं. जेसो नावाचं तयार अस्तर विकत मिळतं, पण घरचं तितकंच उपयोगी आहे.

अर्धी वाटी चॉक पावडर पाव वाटी पाण्यात भिजवून गुठळ्या मोडा. त्यात एक वाटी इमल्शन रंग आणि दोन चमचे लाकडाचा पांढरा गोंद घालून ढवळा, आणि मिश्रण जुन्या पातळ कापडातून गाळून घ्या. ते पातळ दह्याइतपत हवं. चॉक याहून जास्त घालू नका. अस्तर कडक आणि ठिसूळ होतं आणि कापड जरा दाबलं की बारीक भेगा जातात. प्लॅस्टर ऑफ पॅरिस तर अजिबात नको, ते भांड्यातच घट्ट होऊ लागतं.

एका हाताला साधारण ५० मिली लागतं. पहिला हात आडवा, ब्रश थोडा दाबून, म्हणजे अस्तर धाग्यांच्या मध्ये शिरतं. कडांनाही लावा. दोन-तीन तासांनी, हाताला थंड लागेनासं झाल्यावर, दुसरा हात उभा. हवा दमट असेल तर जास्त वेळ द्या. दुसरा हात पूर्ण वाळला की पॉलिश पेपर हलक्या हाताने गोल फिरवा आणि ओलसर फडक्याने धूळ पुसा. ही पूड श्वासात जाऊ नये म्हणून नाकाला मास्क लावा. सरळ, तीक्ष्ण कडांचं चित्र करायचं असल्यामुळे इथे तिसरा हातही सार्थकी लागतो. कापडाची वीण जितकी भरली जाईल तितका टेपखालून रंग कमी झिरपेल.

अस्तर वाळल्यावरही कुठे खळगा दिसला तर मागच्या बाजूने कोमट पाण्याचा फवारा मारून सोडून द्या. सुती कापड वाळताना पुन्हा ताठ होतं.

## ५. काय काढायचं

पहिल्याच चित्रात निसर्गदृश्य किंवा चेहरा घेऊ नका. मोठे, साधे, कडेबाहेर जाणारे आकार घ्या. लांबून बघताना मोठा आकारच दिसतो, आणि भिंतीवरचं चित्र नेहमी लांबूनच बघितलं जातं. खाली एक आराखडा मापांसकट दिला आहे, चित्र आडवं धरून.

- सगळीकडे पांढऱ्याकडे झुकणारा फिका रंग.
- २४ सेंमी व्यासाचं वर्तुळ. त्याचा मध्य डाव्या कडेपासून ३८ सेंमी आणि वरून १८ सेंमी.
- पहिली रेघ: डाव्या कडेवर वरून २० सेंमीवर सुरू, उजव्या कडेवर वरून ३० सेंमीवर संपते. ती वर्तुळाचा तळ कापते.
- दुसरी रेघ: डावीकडे वरून ३२, उजवीकडे ३६ सेंमी.
- दोन रेघांमध्ये मधली छटा, दुसऱ्या रेघेखाली गडद.

वर्तुळ मध्यावर नाही आणि पट्टा डावीकडे १२, उजवीकडे ६ सेंमी आहे, हे मुद्दाम आहे. समान भाग केले की चित्र ध्वजासारखं दिसतं. माप बदललंत तरी एक सांभाळा: दोन आकार एकमेकांना नुसते टेकू देऊ नका. एक तर नीट एकमेकांवर चढवा किंवा बोटभर अंतर ठेवा.

रंग खोलीतूनच उचला. पडदा, उशी, गालिचा, यातला एक रंग वर्तुळाला घ्या. मग त्याच रंगाचा अर्धा चमचा बाकीच्या सगळ्या रंगांत मिसळा. वेगवेगळ्या डब्यांतले रंग यामुळे एका घरचे वाटू लागतात. एखादा रंग फार भडक असेल तर काळा घालू नका, तो मळतो. हिरव्यात लालचा थेंब, निळ्यात नारिंगीचा थेंब घाला, भडकपणा उतरतो. मिश्रण ठरवण्याआधी कागदाच्या तुकड्यावर लावून पूर्ण वाळू द्या. अॅक्रिलिक रंग वाळला की गडद होतो, कारण ओला असताना त्यातला बांधणारा चिकट भाग दुधाळ असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो.

डबा पाण्याच्या रंगाचा आहे ना ते तपासा. ऑइल पेंटच्या थरावर पाण्याचा रंग धरत नाही, काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनर (छटा आणायचा बाटलीतला दाट रंग) घालून रंग करणार असाल तर थेंबाथेंबाने घाला. गडद छटेसाठी बाटली ओतली तर रंग चिकटच राहतो. गडद रंग तयारच आणलेला बरा.

## ६. टेप आणि रंग

पहिला दिवस. फिका रंग सगळीकडे, पातळ दोन हात, कडांसकट. मग पूर्ण २४ तास हात लावू नका. वरवर वाळलेल्या रंगावर टेप लावली तर ती उचलताना रंग सोलून येतो.

दुसरा दिवस, वर्तुळ. २४ सेंमीचं ताट किंवा झाकण उपडं ठेवून फिक्या पेन्सिलीने आखा. टेपने वर्तुळ होत नाही, ते हातानेच करायचं. २.५ सेंमीचा चपटा ब्रश रंगात भिजवून निथळा, त्याची धार रेघेच्या किंचित आत टेकवा आणि हळू ओढा. दर काही सेंमीनंतर हात वळवण्याऐवजी कॅनव्हासच फिरवा. मग आतला भाग भरा. पहिल्या रेघेच्या खाली वर्तुळ अर्धा सेंमीच जाऊ द्या. तिथे रंगाची जाड कड सोडू नका, ती वरच्या रंगाखालून दिसते. दोन हात, मध्ये दोन तास.

तिसरा दिवस, पट्टा. टेप पहिल्या रेघेच्या वरच्या बाजूला लावा, तिची खालची कड बरोबर रेघेवर. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अखंड, न ताणता. ताणलेली टेप नंतर आखडते आणि कड हलते. रंग लागणारी कड चमच्याच्या पाठीने दाबत जा. दाबलेला भाग जरा गडद दिसतो. जिथे फिकट राहिला तिथे हवा आहे आणि तिथूनच रंग आत जाणार.

आता टेपची कड बंद करायची. टेपच्या कडेवरून आधी पाण्याच्या व्हार्निशचा अगदी पातळ हात फिरवा. झिरपायचं ते पारदर्शक व्हार्निश झिरपतं, फटी बुजतात, आणि नंतर लावलेल्या रंगाला आत शिरायला वाट उरत नाही. टेप पूर्णपणे एकाच रंगावर असेल तर त्याच रंगाने कड बंद केली तरी चालते. इथे ती पांढऱ्यावरून वर्तुळावर जाते, म्हणून व्हार्निश बरं.

व्हार्निश वाळलं की मधली छटा लावा. ब्रश टेपवरून रंगाच्या भागाकडे ओढा, उलट दिशेने ढकलू नका. खालच्या बाजूला दुसऱ्या रेघेच्या अर्धा सेंमी खाली उतरा. दोन पातळ हात द्या. एक जाड हात टेपच्या कडेला बांध घालतो आणि टेप काढताना तो बांध तुटून करवतीसारखी कड राहते.

दुसरा हात दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांत, रंग अजून किंचित चिकट असताना, टेप काढा. तिचं टोक स्वतःवरच मागे वळवून, ४५ अंशाच्या कोनात, हळूहळू. या वेळी कडेकडे बघत राहा. रंगाचा पापुद्रा ताणला जाताना दिसला की लगेच थांबा, कटरचं टोक रेघेवरून हलकेच फिरवा आणि पुढे चला. कापड कापलं जाणार नाही इतकाच दाब. उशीर होऊन रंग कडक झाला असेल तर सुरुवातीपासूनच असं करा.

चौथा दिवस. हीच पद्धत दुसऱ्या रेघेवर, खाली गडद रंग. कॅनव्हासच्या कडांवरही आकार पुढे न्या. बाजूने बघताना पांढरी कड दिसली नाही की चित्र पुरं वाटतं.

कुठे थेंबभर रंग झिरपलाच तर ओला असताना पुसू नका, पसरेल. वाळू द्या आणि बारीक ब्रशाने मूळ रंगाचे दोन हात द्या. म्हणून प्रत्येक रंगाचे दोन-तीन चमचे झाकणबंद डबीत राखून ठेवा. तीच छटा पुन्हा मिसळून जुळवणं फार अवघड असतं.

## ७. उठाव हवा असेल तर

गडद भागावर उठावाची नक्षी छान दिसते, विशेषतः जिथे बाजूने उजेड येतो. पण नुसती वॉल पुट्टी कापडावर थापू नका. कापड हलतं, पुट्टी हलत नाही, आणि भेगा जातात. चार भाग पुट्टीत एक भाग पांढरा गोंद घाला आणि थर २ मिमीच्या आत ठेवा. जाड पुठ्ठ्याला दाते कापून तो कंगव्यासारखा ओल्या थरावरून ओढा. २४ तास वाळवून मगच रंग. याहून जाड नक्षी करायची असेल तर कापड सोडून ६ मिमीच्या प्लायवर करा.

## ८. व्हार्निश

रंग पूर्ण वाळल्यावर दोन-तीन दिवसांनी. चित्र आडवं ठेवा, धूळ पुसा, मोठ्या ब्रशाने एका दिशेत पातळ हात द्या आणि मागे फिरून पुन्हा घासू नका. अर्धवट वाळलेल्या व्हार्निशवर ब्रश फिरला की दुधाळ पट्टे राहतात. पाऊस किंवा फार दमट हवा असेल त्या दिवशी हे काम करू नका. मॅटच घ्या, चकचकीत व्हार्निशवर खिडकीचं प्रतिबिंब पडतं.

## ९. टांगणं

हा कॅनव्हास साधारण एक किलोचा होतो. डी-रिंगा मागच्या उभ्या पट्ट्यांवर, वरून १२ सेंमीवर समोरासमोर बसवा. त्यांच्यामध्ये तार थोडी ढिली बांधा.

चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ सेंमीवर यावा, उभ्या माणसाच्या नजरेला तो सहज पडतो. सोफ्यावर लावताना पाठीच्या वर १५-२० सेंमी सोडून चित्र सुरू होऊ द्या आणि १४५ चा हिशोब बाजूला ठेवा. स्क्रूची उंची अशी काढा: तार बोटाने मधोमध वर ओढा आणि तिथून चित्राच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. समजा ते ६ सेंमी आलं. मध्याची उंची १४५, अधिक चित्राची अर्धी उंची २२.५, वजा ६, म्हणजे १६१.५ सेंमी. भोक तिथे. चित्राच्या वरच्या कडेची खूण करून तिथेच भोक पाडणं ही नेहमीची चूक आहे, चित्र तेवढं वर जातं.

विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत ६ मिमीच्या बिटने भोक पाडा, गिट्टी भिंतीच्या सपाटीला येईपर्यंत ठोका आणि ३५ मिमीचा स्क्रू ५-६ मिमी बाहेर ठेवून आवळा. जिप्समच्या पोकळ भिंतीला तिथे चालणारी वेगळी गिट्टी लागते, साधी फिरत राहते. स्विचबोर्ड किंवा प्लग पॉइंटच्या थेट वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, वायरी बहुधा त्याच रेषांत गेलेल्या असतात.

भोक पाडायची परवानगी नसेल तर चिकट पट्ट्या चालतात, पण भिंतीचा रंग पक्का असेल तरच. हात फिरवल्यावर पांढरी पूड येते अशा डिस्टेंपरच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर त्या टिकत नाहीत, रंगासकट उतरतात. भिंत स्पिरिटने पुसा, पाकिटावरच्या वजनाच्या निम्मंच धरा आणि पट्टी दाबून बसवल्यावर तासभर चित्र लावू नका.

चारही कोपऱ्यांना मागे फेल्टच्या टिकल्या लावा. चित्र सरकत नाही, भिंतीवर ओरखडे पडत नाहीत आणि मागून हवा खेळते. मग वरच्या कडेवर पाणसळ ठेवून सरळ करा. पाणसळ नसेल तर छतापासून दोन्ही कोपऱ्यांचं अंतर मोजा, मात्र छतच तिरकं असलेली घरंही असतात. तिथे मापापेक्षा चार पावलं मागे जाऊन डोळ्याला सरळ दिसेल तेच धरा. धूळ महिन्यातून एकदा कोरड्या मऊ ब्रशाने वरून खाली झटका, ओलं फडकं लावू नका.